मालमोटारीच्या एंजिनाचा थंडीतील प्रारंभ : विद्युत्‌मंडलाच्या निदानाविषयी

पुण्याच्या वेधशाळेने नोंदलेले सर्वांत कमी तापमान १.७ अंश सेल्सिअस असून ते जानेवारी १९३५ मधील आहे. एरवी जानेवारीतील किमान तापमानाची सरासरी अकरा अंशांच्या आसपास राहते. मुंबई-बंगळूर महामार्गावरील पुनावळे येथील हवामान याहून फारसे निराळे असण्याचे कारण नाही. तरीही हिवाळ्याच्या पहाटे रस्त्याच्या कडेला रात्रभर उभी राहिलेली मालमोटार सेल्फ मारूनही सुरू होत नाही, आणि 'थंडीने बॅटरी बसली' असा निर्णय तत्काळ दिला जातो. एकाच गाडीवर पोट असलेल्या मालकाला बॅटरीची नवी जोडी घ्यावी लागते, आणि कित्येकदा थोड्याच दिवसांत तोच प्रकार पुन्हा घडतो. आपल्या हवामानात थंडी ही दोषाची जननी क्वचितच असते. आधीपासून असलेला दोष ती केवळ उघड करते, हे येथे दाखवावयाचे आहे.

डिझेल एंजिनात ठिणगी नसते. दाबलेल्या हवेच्या उष्णतेनेच इंधन पेट घेते. संपीडनाचे प्रमाण १७ आणि बहुविध घातांक १.३५ धरल्यास १० अंशांची हवा संपीडनाअखेर सुमारे ४९० अंशांपर्यंत तापते. तीच हवा आरंभी ३० अंशांची असती तर हा आकडा ५४४ च्या जवळपास आला असता. म्हणजे वीस अंशांच्या फरकाने शेवटी पन्नास-पंचावन्न अंशांचाच फरक पडतो. पण एंजिन मंद फिरू लागले की दट्ट्याच्या कड्यांवरून हवा निसटण्यास आणि सिलिंडरच्या थंड भिंतींना उष्णता देण्यास अधिक अवधी मिळतो व घातांक खाली येतो. तो १.२५ वर आला असे मानले तर १० अंशांच्या हवेचे अंतिम तापमान ३०० अंशांच्या आसपासच राहते. घातांकाची ही मूल्ये उदाहरणादाखल घेतली आहेत. परंतु हवेच्या थंडपणापेक्षा फिरण्याचा वेग अधिक निर्णायक आहे, हे त्यांवरून स्पष्ट व्हावे. आणि वेग हा विद्युत्‌मंडलाचा प्रश्न आहे.

मालमोटारीत सामान्यतः १२ व्होल्टच्या दोन बॅटऱ्या एकसरीत जोडून २४ व्होल्टचा दाब मिळवितात. दहा अंशांवर सुस्थितीतील बॅटरीची शक्ती २५ अंशांच्या मानाने साधारण दहा-पंधरा टक्क्यांनीच घटते. वंगणतेल मात्र दुपटीहून अधिक दाट होते; त्यामुळे सेल्फवर भार पडतो, त्याचा वेग उतरतो, प्रतिविद्युत्‌दाब कमी होतो आणि तो अधिक प्रवाह ओढू लागतो. आता एखाद्या गंजलेल्या जोडात ०.००५ ओहम रोध आहे असे समजा. दुपारी २५० अँपिअर वाहत असताना तेथे सव्वा व्होल्ट नाहीसा होतो आणि गाडी सुरू होते. पहाटे ४०० अँपिअर लागले की दोन व्होल्ट गळतात, व ८०० वॉट शक्ती त्या जोडाची उष्णता होऊन जाते. जोड तोच, रोध तोच.

असा रोध गाडी उभी असताना मीटरला सापडत नाही, ही यातील खरी मेख आहे. प्रवाहच नसेल तर दाबाचा ऱ्हासही नसतो. मीटर २५ व्होल्ट दाखवितो आणि वायरमन निःशंक होतो. म्हणून मोजणी सेल्फ फिरत असतानाच केली पाहिजे. गाडी न्यूट्रलमध्ये ठेवून, हँडब्रेक लावून व निर्मात्याने सांगितलेल्या रीतीने इंधन रोखून मीटरचे एक टोक बॅटरीच्या धन खुंटीवर आणि दुसरे सेल्फच्या मुख्य टर्मिनलवर धरावे. टोक खुंटीवरच ठेवावे, क्लॅम्पवर नव्हे. नाहीतर सर्वांत संशयास्पद जोडच मोजणीतून निसटतो. सेल्फ दहा सेकंदांहून अधिक फिरवू नये. नंतर हीच मोजणी ऋण खुंटी व एंजिनचा ठोकळा यांच्यामध्ये करावी. प्रत्येक बाजूचा ऱ्हास एक व्होल्टच्या आत असावा; अधिक आढळल्यास एकेक जोड ओलांडीत मागे यावे.

अर्थिंगकडे आपल्याकडे विशेष दुर्लक्ष होते. एंजिन रबराच्या आधारांवर बसविलेले असल्याने त्याला चासीशी जोडणारी पट्टी गंजली वा तुटली तर परतीचा प्रवाह भलत्या वाटा शोधतो. सेल्फ मारताना एखादी नियंत्रक केबल गरम लागली तर हेच कारण प्रथम तपासावे.

दोन्ही बाजूंचा ऱ्हास अल्प असूनही खुंट्यांवरील दाबच कोसळत असेल तर क्लॅम्पमीटरने प्रवाह पाहावा. प्रवाह थोडा असून दाब पडला तर बॅटरी दुबळी. प्रवाह अवाजवी असेल तर सेल्फ किंवा एंजिन अडकते आहे. दोन्ही बॅटऱ्या पृथक् मोजाव्यात, हे सांगणे अनवश्यक वाटेल. पण गाणी, पंखा वा मोबाइल यांसाठी एकाच बॅटरीतून १२ व्होल्ट घेण्याची प्रथा इतकी रूढ आहे की एक बॅटरी सतत उपाशी आणि दुसरी अतिभारित, ही स्थिती नवलाची राहिलेली नाही. नवी जोडी घेऊन ही तार तशीच ठेवणाऱ्याचा खर्च व्यर्थ जातो.

सेल्फ जोमाने फिरतो, पण एंजिन पेट घेत नाही, अशी तक्रार निराळी समजावी. जमशेदपूर येथे १९५४ पासून निघालेल्या टाटा-मर्सिडीज-बेन्झ गाड्यांच्या आरंभीच्या एंजिनांत पूर्वज्वलनकक्ष होता. अशा कक्षाच्या मोठ्या पृष्ठभागाकडून उष्णता फार जात असल्याने ग्लो प्लग अपरिहार्य ठरत. जुन्या रचनेत हे प्लग एकसरीत जोडीत. एकाची तार तुटली की सर्वच थंड पडत. समांतर जोडणीत एकच निकामी होतो. सिलिंडरमध्ये सरळ इंधन सोडणाऱ्या एंजिनांना आपल्या हवेत बहुधा पूर्वतापनाची गरजच भासत नाही. त्यामुळे आजची गाडी पुनावळ्यात सुरू होत नसेल तर हीटरवर संशय घेण्याची घाई करू नये. एंजिनात ईथर फवारणे हा तर धोक्याचाच उपाय. तापलेल्या हीटरशी ते भडकू शकते.

१ एप्रिल २०२० पासून लागू झालेल्या भारत स्टेज सहा मानकांच्या गाड्यांत इंधन केव्हा सोडावे हे इलेक्ट्रॉनिक नियंत्रक ठरवितो. सेल्फ फिरताना दाब फार उतरला तर नियंत्रक स्वतःच गडबडतो, किंवा क्रँकच्या संवेदकाचा संकेत क्षीण होतो, आणि संगणकीय तपासणीत संवेदकाच्या दोषाचा क्रमांक उमटतो. तो क्रमांक पाहून संवेदक बदलणे म्हणजे ज्वर आला म्हणून तापमापी बदलण्यासारखे आहे. प्रथम अर्थिंगची पट्टी काढून, पॉलिश कागदाने घासून, घट्ट बसवावी व ऱ्हास पुन्हा मोजावा. क्रमांक पुसून गाडी रात्रभर उभी ठेवावी, आणि पहाटे तो परत उमटला तरच संवेदकाला हात लावावा.