रक्ताची गुठळी : रक्षक आणि वैरी

भाजी चिरताना विळीने बोट कापले, तर काही मिनिटांतच रक्त थांबते. जखमेपाशी प्रथम रक्तातील रक्तबिंबिका, म्हणजे प्लेटलेट, एकमेकींना चिकटून तात्पुरता बांध घालतात. त्यानंतर रक्तातील प्रथिने साखळीसारखी एकामागून एक जागी होतात आणि शेवटी फायब्रिनचे चिवट धागे विणले जातात. त्या जाळ्यात रक्तपेशी अडकल्या की गुठळी तयार होते. जखम भरून आली की प्लाझ्मिन हे द्रव्य तिला विरघळवते. हा जमाखर्च सहसा चोख जुळतो.

तो बिघडतो केव्हा? रुडॉल्फ फिरशॉ या जर्मन वैद्यकशास्त्रज्ञाने एकोणिसाव्या शतकाच्या मध्यास दाखवून दिले, की फुप्फुसात सापडणारी गुठळी पुष्कळदा पायाच्या नीलांतून वाहत आलेली असते. त्याच्या नावाने आज तीन कारणे सांगितली जातात : रक्तप्रवाह मंदावणे, रक्तवाहिनीच्या आतील अस्तरास इजा होणे आणि रक्ताची गोठण्याची प्रवृत्ती वाढणे. शस्त्रक्रिया, बाळंतपण, कर्करोग, गर्भनिरोधक गोळ्या ही त्यांचीच परिचित निमित्ते होत. २०२० नंतर कोविडच्या गंभीर रुग्णांतही डॉक्टरांना गुठळ्या वारंवार आढळल्या.

पहिल्या कारणाचा विचार करताना गुरुग्रामसारखे शहर डोळ्यांपुढे येते. काचेच्या उंच इमारतींत संगणकापुढे बसलेली माणसे, परतताना महामार्गावर खोळंबलेली मोटार, आणि जवळच्याच विमानतळावरून अमेरिकेला जाणारी चौदा-पंधरा तासांची विमाने! (आमच्या काउंटरमागील खुर्चीही या बाबतीत निर्दोष नाही.) पायातील रक्त हृदयाकडे वर चढते ते पोटरीच्या स्नायूंच्या पिळण्याने आणि नीलांतील झडपांच्या आधाराने. स्नायू निश्चल राहिले की रक्त साचू लागते. न्यूझीलंडमधील डॉक्टरांनी २००३ साली एका तरुणाची हकिकत प्रसिद्ध केली. तो दिवसाचे बारा तास, प्रसंगी अठरा तासही, संगणकापुढे बसत असे. पायातील गुठळी फुप्फुसात जाऊन त्याच्या जिवावर बेतले. जागतिक आरोग्य संघटनेच्या २००७ मधील अहवालानुसार चार तासांहून अधिक बैठा प्रवास केल्यास हा धोका सुमारे दुप्पट होतो. तरीही तो सहा हजारांत एकास, एवढाच असतो. म्हणून प्रवासाची धास्ती घेण्याचे कारण नाही. तासाभराने उठून चार पावले चालावे, बसल्या जागी टाचा वर-खाली कराव्यात, पाणी पीत राहावे.

एकच पाय सुजणे, पोटरी दुखणे, तेथील त्वचा गरम किंवा लालसर होणे ही लक्षणे मात्र अंगावर काढू नयेत. आपल्या घरांत अशा पायाला तेल लावून रगडण्याची पद्धत आहे. माया त्यामागे असते खरी, पण मर्दनाने गुठळी सुटून फुप्फुसाकडे जाण्याची भीती असते. डॉपलर सोनोग्राफीने निदान सहज होते आणि रक्त पातळ ठेवणारी औषधे लगेच सुरू करता येतात. ती आपल्या मनाने घेऊ वा थांबवू नयेत. एकाएकी दम लागला, छातीत कळ आली किंवा खोकल्यातून रक्त पडले, तर सकाळची वाट न पाहता रुग्णाला थेट रुग्णालयात न्यावे.