टोपले उचलायची लाज

एका साली आमच्या राजुऱ्याकडे कापूस बुडाला. शेजारी घरात तोंड लपवून बसला. रोजगार हमीच्या कामावर जायची त्याला लाज वाटे.

आम्ही त्याला १९७२ सालचा दुष्काळ सांगितला. तेव्हा जमीनवालेसुद्धा खडी फोडायला बसले. बायांनी मातीची टोपली वाहिली. रस्ते झाले, पाझर तलाव झाले. पुढे १९७७ साली महाराष्ट्रात कायदा झाला. वि. स. पागे यांनी त्यासाठी फार खटपट केली होती. काम मागेल त्याला काम द्यायचे, असे सरकारने कबूल केले. आम्ही म्हटले, "बाबा रे, कायद्याने जे आपले आहे, ते मागितले तर भीक कशी?"

शेजारी कामावर गेला. पहिल्या दिवशी मान खाली होती. आठवड्याने त्याची एक हजेरी कमी लागली. मुकादमाशी भांडून त्याने ती मांडून घेतली.