हवा, पाणी आणि वीज यांपासून अमोनिया



आपल्यातील ज्येष्ठांना कल्हईवाला आठवत असेल. तापलेल्या पातेल्यात तो नवसागराची पूड टाकी आणि पांढऱ्या धुराबरोबर नाकाला झोंबणारा दर्प उठे. तो दर्प अमोनियाचा. युरियासारखी नत्रखते याच वायूपासून होतात. म्हणून आपल्या ताटातील अन्नाशी त्याचा निकटचा संबंध आहे.

अमोनियाच्या रेणूत नायट्रोजनचा एक व हायड्रोजनचे तीन अणू असतात. हवेत सुमारे ७८ टक्के नायट्रोजन आहे. परंतु त्याचे अणू जोडीजोडीने तिहेरी बंधात घट्ट बांधलेले असतात. जन्माने यहुदी असलेले जर्मन शास्त्रज्ञ फ्रित्झ हाबर यांनी १९०९ साली या नायट्रोजनचा हायड्रोजनशी संयोग करून दाखविला व कार्ल बॉश यांनी त्यावर कारखाना उभारला. पुढे याच हाबर यांनी महायुद्धात विषारी वायू वापरण्यात पुढाकार घेतला आणि १९३३ साली नाझी राजवटीमुळे त्यांनाच देश सोडावा लागला. त्यांची पद्धत आजही चालते. तिला ४०० ते ५०० अंश सेल्सियस उष्णता व प्रचंड दाब लागतो. हायड्रोजन बहुधा नैसर्गिक वायूपासून वा कोळशापासून घेतात, त्यामुळे कार्बन डायऑक्साइड पुष्कळ निघतो.

याला पर्याय म्हणून शास्त्रज्ञ विजेकडे वळले आहेत. हायड्रोजन पाण्यातून घ्यावा आणि ऋणाग्रावर त्याचा नायट्रोजनशी संयोग घडवावा, अशी ही कल्पना आहे. वीज सूर्याची वा वाऱ्याची असल्यास धूर नाही, आणि लहान यंत्र शेताजवळही बसविता येईल. अडचण अशी की नायट्रोजनला स्पर्श होण्याआधीच हायड्रोजनचे अणू आपसांत जुळून वायुरूपाने निघून जातात. अमोनिया झालाच तर अत्यल्प; आणि तेवढा तर हवेतून, हातमोज्यांतून, प्रयोग करणाऱ्याच्या श्वासातूनही उपकरणात येऊ शकतो.

परिचारिकेला ही फसगत परिचित आहे. यकृताच्या रुग्णाच्या रक्तातील अमोनिया मोजायचा तर नमुना बर्फात ठेवून तातडीने प्रयोगशाळेत पोहोचवावा लागतो. एरवी नलिकेतच अमोनिया वाढत जातो. एकदा माझ्या हातून असा विलंब झाला. आकडा भयंकर आला. रुग्ण मात्र मुलाशी नीट बोलत होता. मी डॉक्टरांना घडले ते सांगितले. पुन्हा रक्त घेतले, तेव्हा आकडा साधारण निघाला. बिचाऱ्याला दुसऱ्यांदा सुई सोसावी लागली, पण अनावश्यक औषध टळले.

अशीच फेरतपासणी येथील स्टॅनफर्ड विद्यापीठ व डेन्मार्कचे तांत्रिक विद्यापीठ यांच्या शास्त्रज्ञांनी इतर सहकाऱ्यांसह केली. ती २०१९ साली ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाली. त्यांनी नायट्रोजन-१५ हा जड समस्थानिक वापरला. अमोनियात हा जड अणू योग्य प्रमाणात सापडला, तरच तो पुरविलेल्या नायट्रोजनपासून झाला असे ठरते. या कसोटीवर, ज्या शुद्ध धातूंकडून सर्वाधिक आशा होती त्यांनी पाण्यात अमोनिया मुळीच दिला नाही. लिथियमची रीत तेवढी खरी ठरली: तो धातू साध्या तापमानालाही नायट्रोजनशी संयोग पावतो. परंतु ती रीत पाण्यात नव्हे, सेंद्रिय द्रावकात चालते, आणि लिथियम साठविण्यात वीज फार खर्च होते.

तेव्हा हवा व पाणी यांपासून अमोनिया केल्याची वार्ता कानी आली, तर आनंदापूर्वी एवढे विचारावे: जड नायट्रोजनची कसोटी घेतली होती काय?