शिसपेन्सिलीतले तीन किल्ले

कागदावर रेघा फार नाहीत. आंबेवाडीतून दिसणारे अलंग, मदन आणि कुलंग, खाली भातखाचरं, एवढंच. तरी सह्याद्रीत हिंडलेला कुणीही हे चित्र पाहून म्हणेल, हा आपलाच डोंगर. मित्र ते काढत असताना मी शेजारी बसलो होतो.

बराच वेळ त्याने पेन्सिल टेकवलीच नाही. हात लांब करून, एक डोळा मिटून, पेन्सिलीच्या टोकाने मदनची उंची आणि कुलंगच्या पठाराची लांबी ताडत राहिला. मग एचबीने माथ्याची रेघ ओढली. ती अलंगवर सपाट गेली, काठाला येऊन सरळ खाली उतरली, खिंडीतून मदनवर चढली. त्रिकोण कुठेच नाही. शाळेत आपण डोंगर त्रिकोणी काढतो. हे माथे तर कापून काढल्यासारखे सपाट! सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वी लाव्हाचे थर एकावर एक आडवे पसरले, त्यांतून हा मुलूख घडला. टणक थराचा कडा उरला. मऊ, सच्छिद्र थर झिजून उतार झाला, त्यावर माती धरली, गवत नि कारवी आली. चित्रातही तसंच आहे. कड्यांना दाबून मारलेल्या उभ्या, तुटक रेघा. उताराला जवळजवळ काहीच नाही, कोरा कागद.

मला सगळ्यात आवडली ती कड्याच्या पायाशी जाणारी पदराची आडवी रेघ. खिंडीशी ती तुटते आणि पलीकडच्या किल्ल्यावर जवळजवळ त्याच पातळीत पुन्हा सुरू होते. हे तिघे मुळात एकाच डोंगराचे, मधला भाग पाण्याने कोरून नेला, हे त्या तुटलेल्या रेघेत दिसतं. छायाप्रकाश भरला असता तर चित्र अधिक देखणं झालं असतं, पण ही रेघ बुजली असती. त्याने भरला नाही, हे फार बरं केलं.

पायथ्याशी मात्र घाई झाली, असं मला वाटतं. खाचरांचे बांध फोरबीने गडद काढलेत, पण सरळसोट. पाणी अडवायचं तर बांध उताराला आडवा, समपातळीवरून वळत जातो. ते वळण आलं असतं, तर वरच्या कातळातला आडवेपणा खाली शेतापर्यंत पोचला असता.