भाग: स्कॉट, टू-स्ट्रोकची पहिली विजेती

मागच्या भागानंतर बऱ्याच जणांनी विचारलं, की टू-स्ट्रोक म्हटलं की आपल्याला राजदूत, येझदी, आरएक्स-१०० आठवते, पण हे इंजिन मोटरसायकलवर गांभीर्याने बसवलं कोणी? तर आज यॉर्कशायरला जाऊ.

आल्फ्रेड अँगस स्कॉट. जन्म १८७५, ब्रॅडफर्डजवळचा. १९०८ मध्ये त्याच्या पहिल्या काही गाड्या जोवेट बंधूंच्या कारखान्यात तयार झाल्या, मग शिपली इथे स्वतःची कंपनी. त्या काळातल्या बहुतेक मोटरसायकली म्हणजे इंजिन लावलेली सायकल: पट्ट्याने फिरणारं चाक आणि गाडी ढकलत पळून मग वर उडी मारायची! स्कॉटच्या गाडीला किक होती, दोन गिअर होते, तेही पायाने बदलायचे. दोन सिलिंडर, शिवाय पाण्याने थंड होणारं इंजिन.

आता टू-स्ट्रोकची गंमत बघा. फोर-स्ट्रोकमध्ये पिस्टनच्या दर चार फेऱ्यांत एकदा स्फोट होतो, इथे दर दोन फेऱ्यांत. व्हॉल्व्ह नाहीत; सिलिंडरच्या भिंतीतली भोकं पिस्टनच उघडतो नि झाकतो. भाग कमी, ताकद भरपूर. पण उष्णताही भरपूर, म्हणून तर पाणी.

हे इतरांना खुपलंच. स्पर्धांमध्ये नियम आला, की स्कॉटच्या इंजिनाची क्षमता मोजताना तिला १.३२ ने गुणायचं. म्हणजे लहान इंजिन कागदावर मोठं! स्कॉटने काय करावं? याचीच जाहिरात केली. आमची गाडी इतकी सरस आहे की तिला दंड लागतो, असा एकूण सूर. मला हा माणूस इथेच आवडतो.

पुढे ही अट निघाली आणि १९१२ ची सीनियर टीटी फ्रँक ॲपलबीने स्कॉटवर जिंकली. आयल ऑफ मॅनच्या त्या शर्यतीत टू-स्ट्रोकचा हा पहिला विजय. १९१३ ला टिम वूडने पुन्हा तेच केलं.

मग महायुद्ध आलं. मशीनगन वाहणाऱ्या गाड्या करता करता स्कॉटचं मन तीन चाकांच्या ‘सोशिएबल’ नावाच्या विचित्र वाहनात गुंतलं, आणि त्याने स्वतःचीच कंपनी सोडली. सोशिएबल फारशी खपली नाही. १९२३ मध्ये जमिनीखालच्या गुहा धुंडाळून तो ओल्या कपड्यांतच घरी परतला, न्यूमोनिया झाला आणि त्यातच गेला. वय अवघं ४८ च्या आसपास.

कंपनीची सगळ्यात गाजलेली ‘फ्लाइंग स्क्विरल’ त्यानंतर आली. ती त्याने पाहिलीच नाही.