चहाने भूक मरते म्हणजे नेमके काय होते?

‘चहाने भूक मरते’ हे वाक्य आपल्याकडे इतक्या वेळा उच्चारले जाते की त्यात तपासून पाहण्याजोगे काही असेल असे सहसा मनात येत नाही. मुलांना चहापासून दूर ठेवायचे असले की घरातली मोठी माणसे ते वापरतात. जेवणाला उशीर होणार असला की ‘तोवर घोटभर चहा घ्या, आधार होईल’ असे म्हणतानाही मनात तेच असते. अलीकडे मात्र या वाक्याला एक नवा अर्थ चिकटला आहे. दहावी-बारावीच्या वर्गांतल्या काही मुली, आणि आता मुलगेही, डबा तसाच परत नेतात आणि बिनसाखरेच्या काळ्या कॉफीवर दुपार काढतात. कारण विचारले तर ‘कॉफीने भूक लागत नाही, वजन उतरते’ असे सांगतात. भूक मरणे हा पूर्वी चहाचा दोष होता, आता तो कॉफीचा गुण ठरला आहे. गोष्ट तीच, फक्त बाजू बदलली.

तेव्हा भूक खरेच मरते का, मरत असेल तर कशाने, आणि त्यामुळे वजन उतरते का, हे जरा सावकाश पाहू या.

सुरुवातीलाच एक घोटाळा दूर केला पाहिजे. आपला नेहमीचा चहा म्हणजे नुसते कॅफीन नव्हे. एका कपात अर्धी वाटीभर, म्हणजे ५० मिलिलिटर म्हशीचे दूध आणि दोन चमचे साखर घातली आहे असे धरा. दुधाचे सुमारे ५५ आणि साखरेचे ४० असे मिळून जवळजवळ ९५ उष्मांक झाले. हे मध्यम आकाराच्या एका पोळीइतके आहेत. जेवणाआधी एक पोळी खाल्ली तर जेवणात एक पोळी कमी जाईल, यात नवल नाही. दिवसातून सहा कप घेणारा माणूस ‘मी काही खातच नाही, नुसत्या चहावर असतो’ असे म्हणतो, तेव्हा त्याच्या पोटात साडेपाचशेच्या वर उष्मांक गेलेले असतात. म्हणजे चहाने मेलेली भूक बरीचशी दूध-साखरेने भागवलेली भूक असते. कॅफीनचा प्रश्न यानंतर सुरू होतो, आणि त्यासाठी काळी कॉफीच घ्यायला हवी.

कॅफीन वेगळे काढले ते १८१९ साली, फ्रीडलीब रुंगे या पंचवीस वर्षांच्या जर्मन रसायनशास्त्रज्ञाने. त्याला त्यासाठी कॉफीच्या बिया दिल्या होत्या त्या कवी ग्योथे याने. पुढे १८२७ मध्ये चहातून असाच एक पदार्थ निघाला. तो वेगळा समजून त्याला ‘थीन’ असे नावही देण्यात आले, पण १८३८ मध्ये तो कॅफीनच असल्याचे सिद्ध झाले. चहाच्या एका कपात साधारण ३० ते ५० मिलिग्रॅम, झटपट कॉफीच्या कपात ६०च्या आसपास आणि चांगल्या फिल्टर कॉफीत ८० ते १०० मिलिग्रॅम कॅफीन असते. अर्थात पत्ती किती आणि उकळी किती यावर हे आकडे बरेच हलतात.

कॅफीन काम कसे करते हे समजायला एसटीच्या गाडीची आठवण पुरेल. आपण जागे असताना मेंदूत ॲडिनोसिन नावाचे द्रव्य साचत जाते. चेतापेशींवर त्याच्यासाठी ठरलेल्या जागा असतात, त्यांना ग्राही म्हणतात. ॲडिनोसिन तिथे जाऊन बसले की पेशींचे काम मंदावते आणि आपल्याला थकवा व झोप जाणवू लागते. कॅफीनच्या रेणूची घडण ॲडिनोसिनसारखी असल्याने तेही त्या जागेवर बसते. मात्र ते बसते ते खिडकीतून टाकलेल्या रुमालासारखे. रुमाल जागा अडवतो, पण प्रवाशाचे काम करीत नाही. थकवा गेलेला नसतो, थकव्याचा निरोप तेवढा थांबलेला असतो.

रोज रुमाल पडू लागले की मेंदूही स्वस्थ बसत नाही, तो जागा वाढवतो. मग तेवढ्याच कॉफीने पूर्वीसारखी तरतरी येत नाही. आणि एखादे दिवशी कॉफी मिळाली नाही, तर वाढलेल्या सगळ्या जागांवर ॲडिनोसिन बसते, डोके दुखते, चिडचिड होते. शेवटच्या कपानंतर १२ ते २४ तासांनी ही डोकेदुखी सुरू होते. हरतालिकेच्या निर्जळी उपवासात दुपारनंतर जे डोके चढते त्याचे खापर आपण पित्तावर फोडतो. त्यात न मिळालेल्या पाण्याचा वाटा आहेच, पण रोज चार कप घेणाऱ्या बाईंच्या बाबतीत न मिळालेल्या चहाचाही आहे.

आता भुकेकडे वळू. तिची यंत्रणा वेगळी आहे आणि ती एका जागी नाही. १९१२ साली अमेरिकेत वॉल्टर कॅनन यांच्या प्रयोगशाळेत वॉशबर्न या विद्यार्थ्याने रबरी फुगा गिळला आणि तो जठरात असताना हवेच्या दाबाची नोंद ठेवली. भुकेची कळ येई तेव्हाच जठर आकुंचन पावत असल्याचे दिसले. पोटात कावळे ओरडतात ते बहुधा हेच! पण पुढे असे लक्षात आले की जठर काढून टाकलेल्या रुग्णांनाही भूक लागते. मग रक्तातल्या निरोप्यांचा शोध सुरू झाला. चरबीच्या पेशींतून निघणारे आणि ‘साठा पुरेसा आहे’ असे मेंदूला कळवणारे लेप्टिन १९९४ मध्ये सापडले. जठरातून निघणारे आणि ‘खायला दे’ असे सांगणारे घ्रेलिन १९९९ मध्ये जपानी संशोधकांना सापडले. कॅफीन ज्या जागा अडवते त्या ॲडिनोसिनच्या, या दोघांच्या नव्हेत. कॅफीनने ॲड्रेनलिन वाढते, मन दुसरीकडे लागते, पोटात गरम पाणी गेलेले असते, आणि अशा आडवाटांनी भूक थोडा वेळ मागे पडते.

किती मागे पडते? २०१८ मध्ये अमेरिकेतील बफेलो येथील संशोधकांनी ५० निरोगी प्रौढांवर केलेला प्रयोग शिक्षकांना आवडेल, कारण त्याची रचना स्वच्छ आहे. प्रत्येकाला वेगवेगळ्या दिवशी फळांचा रस दिला. एकदा कॅफीन नसलेला, एकदा शरीराच्या दर किलोमागे १ मिलिग्रॅम कॅफीन घातलेला, एकदा ४ मिलिग्रॅम घातलेला. अर्ध्या तासाने भरपूर न्याहारी मांडून ठेवली. किलोमागे १ मिलिग्रॅम घेतले त्या दिवशी लोकांनी सुमारे ७० उष्मांक कमी खाल्ले. साठ किलोच्या माणसाला हे प्रमाण एका झटपट कॉफीइतके होते. पण चौपट मात्रेला मात्र काहीच फरक पडला नाही. ‘थोड्याने थोडी भूक मरते, तर जास्तीने जास्त मरेल’ हे त्रैराशिक इथे चालत नाही. शिवाय न्याहारीत वाचलेले ७० उष्मांक पुढच्या खाण्यात दिवसभरात भरून निघाले. भूक मेली नव्हती, ती पुढे ढकलली गेली होती.

वजनासाठी कॅफीन घेणारे आणखी एक कारण सांगतात: त्याने चरबी ‘जळते’. यात तथ्य आहे, पण किती ते गणिताने पाहावे. १९८९ साली प्रसिद्ध झालेल्या एका अभ्यासात १०० मिलिग्रॅम कॅफीनने स्वस्थ बसलेल्या माणसाचा ऊर्जाव्यय अडीच तासांपुरता ३ ते ४ टक्क्यांनी वाढला. स्वस्थ बसलेल्या माणसाचा खर्च ढोबळमानाने मिनिटाला एक उष्मांक धरला, तर अडीच तासांत १५० झाले. त्याचे ४ टक्के म्हणजे ६ उष्मांक. हे दीड ग्रॅम साखरेइतके आहेत. कॉफीत अर्धा चमचा साखर घातली तरी हिशेब तोट्यात जातो.

सर्वांत निर्वाळ्याचा पुरावा डेन्मार्कमधला आहे. तिथे १९९२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या चाचणीत १८० लठ्ठ रुग्णांना २४ आठवडे दिवसाला सुमारे १,००० उष्मांकांचा आहार दिला. चार गट केले. एका गटाला दिवसातून तीन वेळा २०० मिलिग्रॅम कॅफीन, दुसऱ्याला एफेड्रिन हे औषध, तिसऱ्याला दोन्ही एकत्र, आणि चौथ्याला नुसत्या औषधासारख्या दिसणाऱ्या बिनऔषधी गोळ्या. बिनऔषधी गोळ्या घेणाऱ्यांचे वजन सरासरी १३.२ किलो उतरले. नुसते कॅफीन घेणाऱ्यांचे ११.५ किलो! हा फरक योगायोगाच्या मर्यादेतला होता, म्हणजे कॅफीनने नुकसान झाले असे म्हणता येत नाही. पण फायदाही शून्य. दोन्ही औषधे एकत्र घेणाऱ्यांचे मात्र १६.६ किलो उतरले. तेरा किलो कशाने उतरले हे या आकड्यांत दडलेले आहे: मोजून खाल्ल्याने.

या जोडगोळीचे पुढे काय झाले तेही सांगायला हवे, कारण दुकानांतल्या ‘चरबी जाळणाऱ्या’ गोळ्यांचा वंश तोच. एफेड्रिन हृदयाचे ठोके आणि रक्तदाब वाढवते, आणि कॅफीन त्याला साथ देते. डेन्मार्कमधल्या गोळीची विक्री २००२ मध्ये थांबवली गेली. अमेरिकेत एफेड्रा या वनस्पतीपासून केलेल्या पूरक गोळ्यांवर २००४ मध्ये बंदी आली. त्याआधीच, १९९१ मध्ये, अमेरिकेच्या औषध प्रशासनाने वजन उतरवण्यासाठी खुल्या विकल्या जाणाऱ्या औषधांतून १११ घटक वगळले होते. त्या यादीत कॅफीनही होते. ग्रीन टीची कथा फारशी वेगळी नाही: २०१२ मध्ये अनेक चाचण्या एकत्र तपासल्या गेल्या, तेव्हा जपानबाहेरच्या चाचण्यांत सरासरी फरक निघाला ४० ग्रॅमचा.

इथवर फार तर ‘उपयोग नाही’ एवढेच ठरले. पण पंधरा-सोळा वर्षांच्या मुलांच्या बाबतीत प्रकरण तेवढ्यावर थांबत नाही.

अभ्यासासाठी जागायचे म्हणून आणि भूक मारायची म्हणून, अशी दुहेरी कॉफी घेतली जाते. झोपण्यापूर्वी सहा तास घेतलेल्या ४०० मिलिग्रॅम कॅफीनने झोप एका तासाहून अधिक घटल्याचे २०१३ मध्ये दिसले. आणि झोप घटली की भूक वाढते. २००४ साली शिकागोतील संशोधकांनी बारा निरोगी तरुणांना दोन रात्री चारच तास झोपू दिले, तेव्हा लेप्टिन १८ टक्क्यांनी उतरले, घ्रेलिन २८ टक्क्यांनी चढले आणि जाणवणारी भूक २४ टक्क्यांनी वाढली. ज्या भुकेला मारायला कॉफी घेतली, तीच दुसऱ्या दिवशी जोराने परतते, आणि ती मागते गोड आणि तळलेले.

दुसरी गोष्ट लोहाची, आणि आम्हाला ती अधिक गंभीर वाटते. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या २०१९-२१च्या फेरीत देशातल्या १५ ते १९ वयाच्या ५९ टक्के मुली रक्तक्षयी आढळल्या. म्हणजे वर्गातल्या पाचांपैकी तीन. चहा-कॉफीतली तुरट द्रव्ये अन्नातल्या लोहाला धरून ठेवतात आणि ते आतड्यांतून रक्तात शिरू देत नाहीत. यात दोष कॅफीनचा नाही, त्याच्या सोबत्यांचा आहे. १९८३ मधल्या एका प्रयोगात जेवणाबरोबर कॉफी घेतल्याने लोहाचे शोषण ३९ टक्क्यांनी आणि चहाने ६४ टक्क्यांनी घटले. जेवणाच्या तासभर आधी घेतलेल्या कॉफीने काही फरक पडला नाही, पण तासाभराने नंतर घेतलेल्या कॉफीने जेवणाबरोबरच्या कॉफीइतकाच पडला. तेव्हा आधीच डबा टाळणारी मुलगी संध्याकाळी चार घास मेथीची भाजी-भाकरी खाते आणि वर लगेच चहा घेते, तेव्हा त्या चार घासांतलेही लोह पुरते तिच्या वाट्याला येत नाही.

प्रमाणाविषयी सांगायचे तर युरोपच्या अन्नसुरक्षा संस्थेने २०१५ मध्ये निरोगी प्रौढांसाठी दिवसाला ४०० मिलिग्रॅम, तर मुलांसाठी किलोमागे ३ मिलिग्रॅम ही मर्यादा सुचवली. ४५ किलोच्या मुलीला ती १३५ मिलिग्रॅम पडते. ‘एनर्जी ड्रिंक’च्या २५० मिलिलिटरच्या डब्यात साधारण ७५ मिलिग्रॅम असते, म्हणजे दोन डब्यांत ती ओलांडली. या डब्यांवर ‘मुलांसाठी नाही’ अशी सूचना छापलेली असते, बारीक अक्षरांत. शुद्ध कॅफीनच्या भुकटीच्या वाटेला तर कोणीच जाऊ नये. सुमारे १० ग्रॅम कॅफीन माणसाला प्राणघातक ठरू शकते आणि ते दोन-तीन चहाच्या चमच्यांत मावते.

वर्गात हा विषय घ्यायचा तर उपदेशाने सुरुवात करू नये; मुले तो ऐकत नाहीत. अकरावी-बारावीच्या गणिताला जोडून घ्यावा. कॅफीनचा अर्धायुकाल प्रौढांत सुमारे पाच तास. संध्याकाळी पाच वाजता १०० मिलिग्रॅम घेतले तर रात्री दहाला ५०, पहाटे तीनला २५ उरतात. मग पाच, सात आणि नऊ वाजता एकेक कप घेणाऱ्याचा आलेख काढायला सांगावा. धूम्रपान करणाऱ्यांत हा काळ कमी होतो आणि गरोदरपणी बराच लांबतो, हे सांगितले की यकृताच्या कामाची चर्चा आपोआप निघते.

‘कॉफीने भूक मरते’ हे विधान तपासण्यासाठी प्रयोग कसा रचाल, हा प्रश्न आठवी-नववीच्या वर्गालाही देता येतो. गरम पाण्याचा परिणाम वेगळा कसा काढायचा, कॉफी पिते आहोत हे माहीत असण्याचा परिणाम कसा टाळायचा, त्या एका जेवणापुरतेच मोजायचे की दिवसभराचे, यावर मुले चांगली भांडतात. प्रयोग कागदावरच राहू द्यावा, मुलांना कॅफीन देऊन करू नये. प्रत्यक्ष मोजमाप हवेच असेल तर शिक्षक-खोलीतला आठवडाभराचा चहा मोजावा: कप किती, साखर किती चमचे, दूध किती. चहा करणाऱ्या मावशींकडून हे आकडे अचूक मिळतात.