विश्लेषण : अडथळ्यांच्या शर्यतीत घोड्याची वंशावळ किती कामाची?

मुंबईच्या महालक्ष्मी रेसकोर्सवर घोडे सपाट मैदानावर धावतात. ब्रिटन, आयर्लंडमध्ये मात्र अडथळ्यांवरून उड्या मारत धावण्याच्या शर्यतींचीही मोठी परंपरा आहे. अशा शर्यतींसाठी एकदाही न धावलेला कोवळा घोडा विकत घेताना त्याची वंशावळ आणि अंगकाठी यांवरच भिस्त ठेवावी लागते.

अंदाज कुठे चुकतो?
‘टायगर रोल’ २०१० मध्ये जन्मला. त्याचा बाप ‘ऑथोराइज्ड’ हा २००७ च्या एप्सम डर्बीचा विजेता. ती शर्यत सपाट, सुमारे २.४ किलोमीटरची. मुलगा मात्र सपाट शर्यतीत न उतरताच अवघ्या १० हजार पौंडांना विकला गेला. अडथळ्यांची पहिलीच शर्यत जिंकताच भाव ८० हजारांवर गेला. मार्च २०१४ मध्ये त्याने चेल्टनहॅमला चार वर्षांच्या घोड्यांची ‘ट्रायम्फ हर्डल’ जिंकली. पुढे २०१८ आणि २०१९ मध्ये त्याने सलग दोनदा ‘ग्रँड नॅशनल’ मारली. ही शर्यत सुमारे ६.९ किलोमीटरची, ३० उड्यांची.

मग पाहायचे काय?
या शर्यतींतील घोडे उशिरा बहरतात. शिंगरांची खरी कुवत कळेपर्यंत बाप म्हातारा झालेला असतो. म्हणून जाणकार आईकडची बाजूही पारखतात: ती स्वतः कशी धावली, तिच्या आधीच्या शिंगरांनी काय केले?

शिवाय या शर्यतींतील बहुतेक नर खच्ची केलेले असतात. टायगर रोलही त्यातलाच. २०२२ मध्ये तो निवृत्त झाला. त्याचा वंश पुढे चालणार नाही.